चाके फिरतात तोवर

मित्रांनो, मी एक जुनी स्टेशन वॅगन आहे. लांबलचक अंगाची, मागे ऐसपैस जागा असलेली आणि मागचे दार आडवे उघडणारी मोटार. एके काळी माझा रंग मलईसारखा होता आणि दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा होता. आता रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे माझे मलाच नीट सांगता येत नाही. तरीही मला कोणी खटारा म्हटले की राग येतो. माझ्या पुढच्या सीटवर गव्हर्नर बसून गेलेत, सिनेटर झोपून गेलेत आणि राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या एका मोठ्या माणसाने माझ्या खिडकीतून बाहेर ओकारी केली आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. मी जिची गाडी होते तिनेही ते कधी सांगितले नाही.

तिचे नाव व्हर्ना टोलेफसन. आयोवा राज्यातल्या ‘प्रेअरी कुरिअर’ या दैनिकाची ती राजकीय बातमीदार होती.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. फक्त हातोड्यांचा आवाज आणि ताज्या रंगाचा उग्र वास आठवतो. मग आगगाडीतून मला आयोवात आणले आणि एका विक्रेत्याच्या अंगणात ट्रॅक्टरांच्या रांगेत उभे केले. ट्रॅक्टरांशी माझे पटले नाही. ते स्वतःला फार कामाचे समजत.

एका सकाळी व्हर्ना आली. उंच, काटकुळी, डोक्याला रुमाल बांधलेली. बरोबर तिचा धाकटा भाऊ आर्नी होता. तो एल्डर क्रीक गावातल्या सरकारी इस्पितळात बॉयलर सांभाळायचा. आल्या आल्या तो माझ्या खाली आडवा झाला आणि नुसते त्याचे बूट बाहेर दिसू लागले.

विक्रेता हसत म्हणाला, “बाई, एवढी मोठी गाडी कशाला हवी तुम्हाला? एकदा तुमच्या मिस्टरांना घेऊन या. बसून बोलू.”

“मिस्टर नाहीत. भाऊ आहे, आणि तो तुमच्या गाडीखाली आहे.”

“मग त्यांच्याशी बोलतो.”

खालून आर्नीचा आवाज आला, “माझ्याशी बोलून काय उपयोग? पैसे तिचे आहेत. मला फक्त तेल कुठून गळतंय ते सांगा.”

तेल गळत नव्हते. पण तेवढ्याने विक्रेता घाबरला आणि किंमत खाली आली. त्या दिवसापासून आर्नी मला आवडू लागला. दर महिन्याला एका रविवारी तो माझे तेल बदलायचा, टायरांत हवा भरायचा आणि व्हर्नाला बोलायचा, “गाडी आहे ती, घोडा नाही. नुसतं दामटत सुटू नकोस.” ती म्हणायची, “तू आहेस ना.” बहीणभावांचे प्रेमाचे बोलणे एवढेच. त्या भागात याहून जास्त कोणी बोलत नाही.

आता व्हर्नाला एवढी मोठी गाडी का हवी होती, ते सांगते. तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार एका बसने गावोगाव हिंडायचे आणि बातमीदार मागच्या बसमध्ये असायचे. ती दुसरी बस म्हणजे पुरुषांचा अड्डा. सिगार, पत्ते, बाटल्या. व्हर्ना पहिल्यांदा बसच्या दाराशी गेली तेव्हा प्रचाराच्या माणसाने तिला अडवले.

“बाई, बसमध्ये जागा नाही.”

“मला तर आठ सीट रिकाम्या दिसतायत.”

“त्या आमच्या सामानाच्या आहेत.”

आतून कोणीतरी ओरडले, “येऊ द्या तिला, कॉफी तरी करील!” सगळे खो खो हसले.

व्हर्ना परत आली, माझ्यात बसली, दार जरा जोरातच लावले, आणि मला त्या बसच्या मागे घातले. मग पुढची अनेक वर्षे ती कुठल्याच बसमध्ये चढली नाही.

ते दिवस आठवले की माझे इंजिन अजून गरम होते. दोन्ही बाजूंना मैलोगणती मका. मधूनच धान्याची उंच कोठी, चर्चचा कळस, पाण्याची टाकी आणि तिच्यावर गावाचे नाव. व्हर्ना माझे मागचे दार आडवे उघडायची, त्याचे टेबल करायची आणि त्यावर टाइपरायटर ठेवून उभ्या उभ्या बातमी लिहायची. थंडीत बोटे तोडलेले हातमोजे घालायची. लिहून झाले की गावातल्या टेलिफोनच्या खोक्यात शिरायची आणि पूर्ण बातमी वाचून दाखवायची. कचेरीतल्या माणसाने एखादा शब्द बदलायचा प्रयत्न केला की मला बाहेर ऐकू यायचे, “नाही, नाही. तो ‘संतापला’ नव्हता. त्याने पेला जरा जोरात ठेवला. तेवढंच लिही.”

तशी ती होती. प्रत्येक गोष्टीला थांब म्हणायची. आर्नी थट्टा करायचा की आमच्या व्हर्नाला आइस्क्रीम दिलं तरी ती आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं विचारील.

एकदा वसंतात बर्फ वितळून रस्त्यांचा नुसता चिखल झाला होता. बातमीदारांची बस एका डुकरांच्या गोठ्यापाशी चाकांच्या वरपर्यंत रुतली. मी हलकी आणि आर्नीने मला नवे टायर घातलेले, मी त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी गेले. व्हर्नाने गाडी थांबवली आणि काच खाली केली. तेच सगळे पुरुष गुडघाभर चिखलात उभे होते.

“व्हर्ना, बाई, सभेला उशीर होतोय गं. नेतेस का?”

“नेते की. सामानाच्या जागेत बसा.”

आणि खरोखर, राज्यातले नावाजलेले सात बातमीदार माझ्या मागच्या भागात गुडघे छातीशी घेऊन बसले. त्या दिवशी मी किती खुशीत होते म्हणून सांगू!

त्यानंतर उमेदवारांनाही माझी गोडी लागली. आपल्या बसमधले सल्लागार, भाषणे, गोंगाट यांना कंटाळले की ते म्हणायचे, “पुढच्या गावापर्यंत मी टोलेफसनबाईंच्या गाडीतून येतो.” माझ्यात शांतता असायची आणि पाय लांब करता यायचे. प्रत्येक गावात आग्रहाने खाऊ घातलेल्या, फळे भरून भाजलेल्या ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाचे उरलेले तुकडे ते माझ्या मागच्या सीटखाली लपवायचे. ‘पाय’ संपवला नाही तर मते जातात, अशी तिथे सगळ्यांची समजूत आहे.

माझ्यात बसले की माणसे मोकळी बोलायची. त्यातूनच आमचा तो नियम झाला. एका म्हाताऱ्या सिनेटरने बोलता बोलता आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्याला शिव्या दिल्या आणि मग एकदम चपापला. “हे छापणार आहेस का?”

व्हर्ना म्हणाली, “चाकं फिरतात तोवर मी ड्रायव्हर आहे. चाकं थांबली की बातमीदार.”

एवढेच. कागद नाही, सही नाही. पण राज्यभर ते सगळ्यांना माहीत झाले. माझी चाके फिरत असताना बोललेले व्हर्नाने कधी छापले नाही, कधी कुणापाशी बोलली नाही. बोलणारा स्वतः मोकळीक देईपर्यंत ते तिच्यापाशीच राहायचे. आणि गाडी थांबल्यावर बोललेले तिने कधी सोडले नाही, कोणी कितीही हातापाया पडले तरी. तिच्या बातमीवर लोक विश्वास ठेवायचे त्याचे कारण हेच होते. आणि मला वाटायचे की हा मान माझाही आहे.

माझ्या सीटवर सगळ्यांत जास्त वेळा बसलेला माणूस म्हणजे लाइल ब्रुगमन. पहिल्यांदा बसला तेव्हा तो एक साधा डुकरे पाळणारा शेतकरी होता, राज्याच्या विधानसभेला उभा होता आणि बुटांना शेण होते. माझी चटई खराब होईल म्हणून त्याने बूट काढून मांडीवर घेतले. मग तो वर वर चढत गेला आणि शेवटी गव्हर्नर झाला. सरकारी काळी गाडी आली, चालक आला. तरीही प्रचारात एखादा टप्पा तो माझ्यातूनच जायचा. व्हर्ना त्याला लाइल म्हणायची, तो तिला व्हर्ना. त्यांची मैत्री होती, असे मी म्हणते. व्हर्नाला विचारले असते तर ती म्हणाली असती, “ओळख आहे.”

आता त्या ऑक्टोबरचे सांगते. ते सांगताना मला अजूनही जड जाते.

एल्डर क्रीक हे गाव इस्पितळावरच उभे होते. मनाच्या आजारांचे सरकारी इस्पितळ, लाल विटांच्या प्रचंड इमारती, स्वतःची शेती, स्वतःच्या गाई. गावातल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस तिथे कामाला होता. इस्पितळ बंद होणार अशी कुजबुज उठली होती. लाइल निवडणुकीला पुन्हा उभा होता. अग्निशमन केंद्रात गावकऱ्यांनी पॅनकेकचा नाश्ता ठेवला होता. मोठे दार उघडे होते आणि मी समोरच उभी होते, म्हणून मला सगळे दिसले. लाइल बाकावर चढला आणि म्हणाला, “मी गव्हर्नर असेपर्यंत या इस्पितळाची एक वीट हलणार नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या आर्नी वाजवत होता. तो धावतच माझ्यापाशी आला, व्हर्ना नुकतीच आत बसत होती.

“ऐकलंस ना? मी डॉनाला म्हणतच होतो. आता घर घेऊन टाकतो. शनिवारी बँकेत सही आहे. तू येशील ना? तुझ्याच गाडीतून जाऊ.”

“येईन,” व्हर्ना म्हणाली.

डॉना म्हणजे आर्नीची बायको. दोघांनी दहा वर्षे भाड्याच्या घरात काढून साठवले होते.

तेवढ्यात लाइल आपल्या काळ्या गाडीला हात करून माझ्यात येऊन बसला. आम्ही निघालो. गाव मागे पडले, मक्याची कापलेली शेते लागली. तो डोके मागे टेकून बसला होता.

“दमलास?” व्हर्नाने विचारले.

“नाही. चाकं फिरतायत ना?”

“फिरतायत.”

“जानेवारीत एल्डर क्रीकला कुलूप लागणार. सगळं ठरलंय. निवडून आलो की सही करतोय.”

व्हर्नाचे हात माझ्या स्टिअरिंगच्या चक्रावर घट्ट झाले ते मला कळले. ती तशीच थोडे अंतर गेली. मग एका धान्याच्या कोठीपाशी तिने मला बाजूला घेतले, ब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि किल्ली काढून समोर ठेवली.

“लाइल, गाडी थांबली आहे. आता तेच परत सांग.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “चालव, व्हर्ना.”

“परत सांग. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते.”

“मी हरेन गं.”

“हरशील कदाचित. त्या गावात माझा भाऊ घर घेतोय. शनिवारी.”

लाइलने डोळे मिटले. “मला माहीत नव्हतं.”

“आता माहीत आहे ना? मग त्याच्यापुरती तरी मोकळीक दे.”

“एकाला सांगितलं की गावाला कळतं. तुलाही माहीत आहे ते.” मग जरा थांबून तो म्हणाला, “तुझा शब्द आहे, व्हर्ना.”

तिने किल्ली फिरवली. मी मुद्दाम खोकले, अडखळले. पण आर्नीने मला इतके नीट ठेवले होते की मी दुसऱ्या झटक्याला सुरू झाले.

नंतरचे दोन दिवस तिने मला उसंत दिली नाही. राजधानी, मंत्र्यांची घरे, निवृत्त अधिकाऱ्याचे शेत. प्रत्येकाला ती अंगणात उभे करून विचारत होती. एखाद्याने तरी तेच तोंडाने सांगावे, म्हणजे ते त्याचे बोलणे झाले असते आणि तिला छापता आले असते. एकानेही तोंड उघडले नाही. निवडणुकीच्या तोंडावर सगळ्यांनाच गव्हर्नरची भीती.

आणि शनिवार उजाडला. आर्नी पुढे बसला, टाय लावून. डॉना मागे, नवे हातमोजे घालून. ती मागून पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होती.

व्हर्ना म्हणाली, “आर्नी, महिनाभर थांब.”

“आता? का? काही ऐकलंयस का?”

“मला विचारू नकोस. फक्त थांब.”

“घरमालक थांबणार नाही,” डॉना म्हणाली. “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि गव्हर्नर सगळ्यांसमोर बोललाय की. तू होतीस तिथे.”

आर्नी हसला. “डॉना, तिचं मनावर घेऊ नकोस. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ही मला थांब म्हणाली होती.”

डॉनाही हसली. व्हर्ना हसली नाही. तिने गाडी हळू केली, आणखी हळू केली, इतकी की मागून एक ट्रॅक्टर भोंगा वाजवायला लागला. मित्रांनो, त्या दिवशी माझे एखादे चाक निखळले असते तर मी देवाचे आभार मानले असते. पण माझ्यात काहीही बिघडले नाही. चांगली निगा राखलेली गाडी होते ना मी. मी त्यांना वेळेवर बँकेच्या दारात नेऊन सोडले.

पुढच्या आठवड्यात व्हर्ना शेजारच्या तालुक्याच्या गुरांच्या बाजारात गेली. तिथे इस्पितळाच्या गाई लिलावात उभ्या होत्या, कानात सरकारी बिल्ले होते. सगळा कळपच विकायला काढला होता. ज्या इस्पितळाला उद्यापासून दूध नको, ते कसले चालू राहणार? व्हर्नाने बाजारातल्या माणसांना नावे विचारली आणि माझ्या मागच्या फळीवर उभ्याने बातमी लिहिली. लाइलचे बोलणे तिने त्यात येऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर आली. गव्हर्नरच्या कचेरीने सांगितले की गाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. लोकांना तेच ऐकायचे होते. लाइल निवडून आला, आणि जानेवारीत इस्पितळाला कुलूप लागले.

कुलूप लागल्यावर चार दिवसांनी आर्नी व्हर्नाच्या अंगणात आला. बर्फ पडत होते. मी तिथेच उभी होते. त्याने डोक्यावरची टोपीसुद्धा झटकली नाही.

“गाईंची बातमी आली ती आमची सही झाल्यावर. खरं सांग, शनिवारी तुला माहीत होतं का?”

“होतं.”

“कोणी सांगितलं?”

“ते सांगता येत नाही.”

“मला? मला सांगता येत नाही?”

“कुणालाच नाही, आर्नी.”

तो माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. “त्या गावातल्या इतर वाचकांसारखाच मी एक. कळलं,” तो म्हणाला, आणि चालता झाला.

तो परत आला नाही. घर विकले जाईना, कारण एल्डर क्रीकमध्ये घर घ्यायला कोणी उरले नव्हते. त्याला दूरच्या एका शाळेत बॉयलरचे काम मिळाले. जाऊन येऊन ऐंशी मैल, रोज. नाताळाला डॉनाचे कार्ड यायचे, त्यावर फक्त तिचे नाव. माझे तेल आता गावातला एक मेकॅनिक बदलायचा. तो वाईट नव्हता, पण त्याचे त्यात मन नसायचे.

व्हर्नाचे नाव मात्र वाढत गेले. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून फोन यायचे, “बाई, आयोवात काय होईल?” ती म्हणायची, “थांबा आणि बघा.” राज्याने तिला मानपत्र दिले. पत्रकारितेच्या वर्गांत तिचा चाकांचा नियम शिकवू लागले. एकदा एका मुलीने माझ्या दाराशी येऊन तिला विचारले, “मॅडम, तुमचा शब्द पाळताना कधी काही गमवावं लागलं का?” व्हर्नाने माझी किल्ली बोटांत फिरवली आणि म्हणाली, “उशीर होतोय, निघते मी.” आणि माझ्यात बसून, गाडी सुरू न करता, ती बराच वेळ नुसती समोर बघत राहिली. तिला रडताना मी तेव्हा पाहिले. आधी नाही आणि नंतरही नाही.

मग माझेही दिवस फिरले. कचेरीने तिला नवी, बुटकी, कमी पेट्रोल खाणारी गाडी दिली. मी गॅरेजमध्ये गेले. माझ्या सीटवर जुन्या अंकांचे गठ्ठे आले, गठ्ठ्यांत उंदीर आले. ज्या सीटवर गव्हर्नर बसले तिचा कापूस उंदरांनी घरट्याला नेला. सुरुवातीला व्हर्ना दर रविवारी चर्चहून आली की मला सुरू करायची. मग महिन्यातून एकदा. तिचे गुडघे दुखू लागले होते, ती निवृत्त झाली होती. मी तिच्यावर रुसले होते, हे कबूल करते. पण तिच्याशिवाय माझ्याकडे दुसरे कोण येत होते?

आर्नी त्या अंगणातून चालता झाला त्याला अशी बावीस वर्षे झाली. एका वसंतातल्या दुपारी गॅरेजचे दार वर गेले आणि उजेडात दोन माणसे उभी दिसली. एक व्हर्ना. दुसरा काठी टेकणारा म्हातारा. त्याने वाकून माझ्या चटईकडे पाहिले, तेव्हा मी ओळखले. लाइल ब्रुगमन.

“परवा एल्डर क्रीकच्या चर्चमध्ये जेवण होतं,” तो म्हणाला. “डॉना भेटली. मला म्हणाली, तुम्ही इतकी वर्षं राजकारणात होता, तुम्हाला माहीत असेल, आमच्या व्हर्नाला ते कोणी सांगितलं होतं? आर्नी अजून रात्री उठून बसतो म्हणाली.”

व्हर्ना माझ्या बॉनेटवरची धूळ पुसत राहिली.

“तू त्याला अजून सांगितलं नाहीस?”

“तू मोकळीक दिली नव्हतीस.”

“अगं, मी गव्हर्नर होतो तेव्हाची गोष्ट ती! पंधरा वर्षं झाली मला घरी बसून!”

“तू सांगायला हवं होतंस, लाइल.”

तो माझ्या दाराला धरून उभा राहिला. “मला वाटलं, भाऊ आहे, सांगितलंच असशील. असं समजून मी झोपत होतो.” मग त्याने गठ्ठे ओढून खाली टाकायला सुरुवात केली. “ही चालते का?”

“बघते.”

मित्रांनो, मी कशी सुरू झाले ते विचारू नका. मी खोकले, धूर काढला, कण्हले, पण सुरू झाले. उंदीर पळाले. दोघांनी मिळून पुढची सीट पुसली आणि आम्ही एल्डर क्रीकला निघालो.

आर्नी अंगणात कुंपणाची जाळी ताणत होता. केस पिकले होते, पाठ वाकली होती. मला पाहून त्याच्या हातातली पक्कड तशीच राहिली. व्हर्ना उतरली नाही. लाइल काठी टेकत त्याच्यापर्यंत गेला.

“आर्नी, तुझ्या बहिणीला मी सांगितलं होतं. नाश्त्याच्या दिवशीच, गाडीत. तिने गाडी थांबवली आणि तुझ्यापुरती तरी मोकळीक मागितली. मी दिली नाही. चूक माझी आहे.”

आर्नीने पक्कड खाली ठेवली. “तुमच्या नावाची प्रचाराची पाटी लावली होती मी या अंगणात.”

“हो.”

“त्यानंतरच्या निवडणुकीलासुद्धा. सगळं गाव हसत होतं मला. मी म्हणायचो, त्यांचा नाइलाज झाला असेल.”

लाइल काठीच्या टोकाने माती उकरत राहिला.

“आत जा. डॉना कॉफी देईल. मी देणार नाही.”

लाइल मान खाली घालून आत गेला. मग आर्नी माझ्याकडे आला. व्हर्ना दोन्ही हात चक्रावर ठेवून बसली होती, सरळ समोर बघत. तोही तिच्याकडे बघेना. तो माझ्या पुढच्या टायरपाशी वाकला, अंगठ्याने दाबून पाहिले, मग मागच्या टायरपाशी गेला.

“या टायरांवर तू एवढ्या लांब आलीस?”

“आले.”

“सगळे भेगाळलेत. हवा अर्धीसुद्धा नाही. वाटेत फुटला असता म्हणजे?”

“फुटला नाही.”

“फुटला नाही म्हणे!” तो ओरडला, आणि त्याचा आवाज एकदम फाटला. “त्या दिवशी महिनाभर थांब म्हणाली होतीस ना मला?”

“म्हणाले होते.”

“तू सगळ्यालाच थांब म्हणायचीस गं. मला कसं कळणार?”

व्हर्ना म्हणाली, “त्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला ना, तेव्हा मी जवळजवळ सांगितलं होतं. तोंड उघडलं होतं. रोज वाटतं, सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि रोज वाटतं, मग मी कोण राहिले असते.”

आर्नीने माझे दार उघडले आणि हात पुढे केला. “उतर. गुडघ्याला जपून. पंप आणतो, हवा भरतो. आणि जेवून जा, डॉनाने हॅम केलंय.”

व्हर्नाने त्याचा हात धरला. उतरल्यावरही सोडला नाही.

मित्रांनो, आता मी आर्नीच्या शेडमध्ये असते. व्हर्ना गेली त्याला तीन वर्षे झाली. त्या दुपारनंतर तिला आणखी सहा उन्हाळे मिळाले आणि त्यातले बरेच रविवार ती या अंगणात खुर्ची टाकून बसायची, आर्नी माझ्या खाली आडवा असायचा आणि दोघे भांडायचे. ते रविवार मला सगळ्या गव्हर्नरांहून मोठे वाटतात.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. गाड्या वापरा, पण त्यांना विसरू नका. वंगण द्या, टायर बघा, उंदीर येऊ देऊ नका. आणि कुणाशी बोलणे राहून गेले असेल तर त्याच्या दारात जा. मला आर्नीच्या घराचा रस्ता पाठ होता. बावीस वर्षे, आधी रस्त्यावर आणि मग गॅरेजमध्ये, रोज माझ्या मनात यायचे की जावे. पण गाडीला स्वतःहून निघता येत नाही. तुम्हाला येते.